जुना सॅक्सोफोन, नवा सॅक्सोफोन : एका रूढ तुलनेची चिकित्सा

प्रास्ताविक

बहुतेक वाद्यांचा जन्मकाळ आणि जन्मदाता निश्चितपणे सांगता येत नाही. सॅक्सोफोन हा या नियमाला ठळक अपवाद आहे. बेल्जियममधील दिनां या गावी १८१४ साली जन्मलेल्या अडॉल्फ साक्स या वाद्यकाराने २८ जून १८४६ रोजी पॅरिसमध्ये या वाद्याचे एकस्व मिळविले. योगायोग असा, की त्याच शहरात चार वर्षे आधी, १८४२ मध्ये, अलेक्झांद्र दबँ याने हार्मोनियमचे एकस्व घेतले होते. ही दोन्ही वाद्ये पुढे भारतात पोहोचली. त्यांपैकी हार्मोनियम घरोघरी रुजली, तर सॅक्सोफोन लष्करी बँड, लग्नाचा बँड, जॅझ आणि चित्रपटसंगीत यांच्या कक्षेत राहिला. हार्मोनियमच्या संदर्भात जुन्या ‘पॅरिस स्वरां’ची आणि ‘जर्मन स्वरां’ची थोरवी मराठी संगीतरसिकांना परिचित आहे. ‘तसे स्वर आता मिळत नाहीत’ हे वाक्य कितीतरी बैठकांत ऐकू येते.

सॅक्सोफोनच्या बाबतीतही पाश्चात्त्य देशांत हेच घडले आहे. जुन्या वाद्यांना ‘व्हिंटेज’ ही बिरुदावली लाभली असून त्यांच्या नादाचे वर्णन ‘उबदार’, ‘गडद’, ‘भरीव’ अशा विशेषणांनी केले जाते. आधुनिक वाद्ये त्याउलट ‘उजळ’, ‘सफाईदार’ पण ‘निर्जीव’ ठरविली जातात. मराठीत या वाद्याविषयी जे थोडेबहुत लिहिले जाते, त्यातही ही विशेषणे जशीच्या तशी उचललेली दिसतात. या मतावर वाद्यांच्या किमती ठरतात, शिक्षक विद्यार्थ्यांना सल्ला देतात आणि समीक्षक ध्वनिमुद्रणांचे मूल्यमापन करतात. म्हणून हे मत तपासून पाहणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे, की या तुलनेतील ‘जुने’ आणि ‘नवे’ हे दोन्ही पक्ष चुकीच्या ठिकाणी रेघ ओढून पाडलेले आहेत. त्यामुळे खरोखर काय हरवले, या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाले आहे.

‘जुने’ कोणास म्हणावे?

साक्सच्या एकस्वाची मुदत १८६६ मध्ये संपली आणि अन्य कारखानदारांना हे वाद्य बनविण्याची मोकळीक मिळाली. तथापि सॅक्सोफोनचा खरा उत्पादनविस्तार विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत अमेरिकेत झाला. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट हे छोटे शहर या उद्योगाचे केंद्र होते. कॉन, ब्युशर आणि मार्टिन हे तिन्ही कारखाने तेथलेच. ओहायोतील क्लीव्हलँड येथे एच. एन. व्हाइट यांच्या कारखान्यात ‘किंग’ नावाची वाद्ये तयार होत. १९२० च्या दशकात अमेरिकेत या वाद्याचे अक्षरशः वेड पसरले होते. घरगुती वापरासाठी, पियानोच्या स्वरलिपीवरून थेट वाजविता यावे म्हणून, ‘सी मेलडी’ नावाचा एक स्वतंत्र आकारही तेव्हा खपत असे. तो आज व्यवहारातून जवळजवळ बाद झाला आहे.

या कारखान्यांची वाद्ये एकसारखी नव्हती, ही बाब महत्त्वाची आहे. कॉनच्या वाद्यांत स्वरछिद्रांच्या कडा बाहेर वळवून गोल केलेल्या असत आणि काही आल्टो वाद्यांच्या मानेवर सूक्ष्म स्वरजुळणीसाठी फिरते कडे बसविलेले असे. मार्टिनच्या कारखान्यात छिद्रांची वलये वेगळी तयार करून नळीवर डाखाने जोडली जात. ब्युशरची पॅड बटणासारखी दाबून बसविण्याची स्वतःची पद्धत होती. नळीच्या शंकूचा निमुळतेपणाही प्रत्येकाचा निराळा होता. परिणामी एल्कहार्टमधील शेजारच्या दोन कारखान्यांतून निघालेल्या दोन टेनॉर वाद्यांच्या नादाची जात वेगळी भासे.

या वाद्यांत उणिवाही होत्या, आणि त्या किरकोळ नव्हत्या. खालच्या स्वरांच्या चाव्या बहुधा घंटामुखाच्या डाव्या अंगास असत व डाव्या हाताच्या करंगळीला त्या दाबताना बराच जोर लावावा लागे. स्वरछिद्रे एका सरळ रेषेत असल्याने मनगट वाकवून धरावे लागे. त्यातच काही वाद्ये ‘उच्च तारते’ची, म्हणजे आजच्या प्रमाणित स्वरापेक्षा सुमारे अर्ध्या स्वराने चढी असत. असे वाद्य स्वस्तात मिळाले म्हणून हौसेने घेणाऱ्यास ते अन्य कोणत्याही वाद्याबरोबर वाजविता येत नाही, हे फार उशिरा कळते. छिद्रांचे अंतरच त्या स्वरमानाप्रमाणे आखलेले असल्याने माउथपीस बाहेर ओढून हा दोष निघत नाही.

पॅरिसमधील सेल्मर या संस्थेचा सॅक्सोफोन १९२२ साली बाजारात आला आणि दशक संपता संपता साक्सच्या जुन्या कार्यशाळेचा वारसाही तिच्याकडे आला. १९३६ च्या सुमारास सेल्मरने ‘बॅलन्स्ड ॲक्शन’ नावाचे वाद्य आणले. त्यात घंटामुखावरील चाव्या उजव्या अंगास नेल्या होत्या. त्यामुळे दांड्यांची रचना सुटसुटीत झाली व बोटांवरील ताण पुष्कळ कमी झाला. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धातील ‘सुपर बॅलन्स्ड ॲक्शन’मध्ये छिद्रांच्या रांगा हातांच्या नैसर्गिक ठेवणीप्रमाणे डावी-उजवीकडे सरकविण्यात आल्या. १९५४ साली या वाद्याचा पुढचा अवतार बाजारात आला. तोच विख्यात ‘मार्क सिक्स’.

येथे रूढ तुलनेतील पहिला दोष उघड होतो. आज ‘व्हिंटेज’ म्हटले की सामान्यतः मार्क सिक्सकडेच बोट दाखविले जाते. जुन्या वाद्याचा आदर्श तोच मानला जातो. परंतु रचनेच्या दृष्टीने तो आधुनिक सॅक्सोफोनचा मूळपुरुष आहे. यामाहाचा पहिला सॅक्सोफोन १९६७ चा. यामाहा, यानागिसावा किंवा तैवानमधील होउली येथील कारखाने यांच्या आजच्या वाद्यांची चाव्यांची मांडणी मुख्यतः सेल्मरच्याच वळणावर गेली आहे. तेव्हा मार्क सिक्स आणि आजचे यामाहा यांची तुलना म्हणजे आजोबा आणि नातू यांच्या चेहरेपट्टीची तुलना होय. कॉन, ब्युशर, मार्टिन, किंग हे घराणेच वेगळे. ते या वादात क्वचितच साक्षीला बोलाविले जाते.

शिवाय ‘मार्क सिक्स’ हे नाव तरी एका वाद्याचे आहे काय? आल्टो आणि टेनॉर या प्रमुख आकारांत सुमारे वीस वर्षे, १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत, ते तयार होत राहिले. या काळात त्याच्या मानेच्या व खालच्या वळणाच्या मापांत वेळोवेळी बदल झाले. ‘पाच आकडी क्रमांकाचेच चांगले’ असा संग्राहकांचा दंडक आहे. क्रमांकावरून वाद्य केव्हाचे हे कळते, कसे वाजते हे कळत नाही.

धातूची दंतकथा

जुन्या वाद्यांच्या श्रेष्ठत्वाचे कारण विचारले असता बहुधा धातूकडे बोट दाखविले जाते. ‘तेव्हाचे पितळ वेगळे होते’ असे सांगण्यात येते. मार्क सिक्सचे पितळ दुसऱ्या महायुद्धातील तोफगोळ्यांची आवरणे वितळवून मिळविलेले होते, अशी एक आख्यायिका फार प्रचलित आहे. युद्धाच्या राखेतून संगीत उगवले, हे कल्पनाचित्र मोहक आहे खरे. तथापि ज्या वाद्याचे उत्पादन युद्धानंतर नऊ वर्षांनी सुरू होऊन वीस वर्षे चालले, त्याच्या सर्व नगांना ही कथा लागू पडणे तर्काला धरून नाही.

ध्वनिशास्त्राचा कौलही या समजुतीच्या बाजूने नाही. सुषिर वाद्यात मुख्यतः आतील हवेचा स्तंभ कंप पावतो. तंतुवाद्याच्या लाकडी फळीप्रमाणे नळीची भिंत नाद बाहेर टाकत नाही. जॉन बॅकस यांनी १९६४ मध्ये क्लॅरिनेटवर केलेल्या प्रयोगांत भिंतीच्या कंपनांचा स्थिर स्वराच्या जातीवर लक्षणीय परिणाम आढळला नाही. जॉन कोल्टमन यांनी १९७१ मध्ये एकाच अंतर्मापाच्या चांदी, तांबे व लाकूड यांच्या बासऱ्यांवर प्रयोग केला. श्रोत्यांना आणि वादकांना त्या केवळ नादावरून वेगळ्या ओळखता आल्या नाहीत. सॅक्सोफोनच्या नळीला मोठी घंटा आणि पातळ पत्रा असल्याने हे निष्कर्ष त्यास जसेच्या तसे लावताना सावधगिरी हवी. परंतु पितळातील तांबे-जस्ताच्या प्रमाणावर वाद्याचा आत्मा अवलंबून आहे, असे म्हणणाऱ्यावरच सिद्धतेची जबाबदारी येते.

संगीताच्या इतिहासाने याविषयी एक बोलका दाखला मागे ठेवला आहे. १५ मे १९५३ रोजी टोरोंटोच्या मॅसी हॉलमध्ये झालेल्या प्रसिद्ध मैफलीत चार्ली पार्कर याने प्लास्टिकचा ग्राफ्टन आल्टो वाजविला. हे ब्रिटिश बनावटीचे, हस्तिदंती रंगाचे, ॲक्रिलिकचे वाद्य स्वस्त म्हणून विकले जात होते. त्या मैफलीचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्यात ऐकू येतो तो पार्करच. वाद्य पितळेचे नाही, अशी शंकाही आधी सांगितल्याशिवाय येऊ नये. पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस ऑर्नेट कोलमन याने अशाच प्लास्टिकच्या वाद्यावर जॅझला एक वेगळे वळण दिले. धातूविषयीच्या चर्चेत हा पुरावा सहसा पुढे आणला जात नाही.

हवेच्या स्तंभाचा आकार

धातू गौण असेल, तर भेद कशात आहे? तो हवेच्या स्तंभाच्या आकारात आहे. सॅक्सोफोनची नळी शंकूची असते, पण हा शंकू टोकाशी छाटलेला असतो. त्या कापलेल्या टोकावर माउथपीस बसते. वाद्य सुरात बोलावे यासाठी माउथपीसच्या पोकळीने गहाळ झालेल्या टोकाची जागा भरून काढावी लागते. आर्थर बेनेड यांच्या १९७६ सालच्या संगीतध्वनिशास्त्रावरील ग्रंथाने या नात्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. पोकळी लहान पडली किंवा तिचा आकार बदलला, तर खालच्या व वरच्या सप्तकांतील अंतर बिघडते आणि उपस्वरांची जुळणी विस्कटते. माउथपीस हा म्हणूनच वाद्याच्या शंकूचाच एक भाग आहे.

१९२० च्या दशकातील वाद्ये मोठ्या, गोलसर पोकळीच्या माउथपीससाठी आखलेली होती. पुढे नृत्यवृंद मोठे झाले, ट्रम्पेट-ट्रॉम्बोनांच्या भिंतीपुढे एकट्या सॅक्सोफोनला ऐकू येणे भाग पडले, आणि नंतर विद्युत गिटार आली. माउथपीसची पोकळी आकसत गेली, आतला उतार उंचावला, आवाज तीक्ष्ण झाला. कारखान्यांनी वाद्याची मापेही त्या अनुषंगाने बदलली. आज कोणी जुन्या ब्युशरवर आधुनिक, अरुंद पोकळीचे माउथपीस लावतो आणि ‘जुनी वाद्ये बेसूर असतात’ असा निर्वाळा देतो, तेव्हा तो एका वाद्याचे डोके दुसऱ्याच्या धडावर बसवून त्याची प्रकृती तपासत असतो. याच न्यायाने जुन्या वाद्याचा ‘गडद’ नाद ऐकून पितळाचे कौतुक करणाराही बहुधा माउथपीसचेच कौतुक करीत असतो.

हा मुद्दा एका वादकाने आयुष्यभर लावून धरला. सिगुर्ड राशेर हा जर्मनीत जन्मलेला अभिजात सॅक्सोफोनवादक. ग्लाझुनोव यांचा १९३४ चा आल्टो सॅक्सोफोन व तंतुवाद्यवृंदासाठीचा कन्चेर्तो आणि झाक इबेर यांचा १९३५ चा ‘कन्चेर्तिनो दा कामेरा’ या दोन्ही रचना त्याच्याशी निगडित आहेत. साक्सच्या मूळ एकस्वात वर्णिलेल्या आकाराशी इमान राखणारे वाद्यच खरा सॅक्सोफोन होय, अशी त्याची धारणा होती. तो जुनी ब्युशर वाद्ये आणि मोठ्या पोकळीची माउथपीस यांखेरीज अन्य काही मान्य करीत नसे. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या राशेर चतुष्टयाने ही परंपरा पुढे चालविली. त्याच्या विरुद्ध टोकाला मार्सेल म्यूल. साक्सचा पॅरिस कॉन्झर्व्हेटॉरमधील वर्ग १८७० मध्ये बंद पडला होता. तो १९४२ मध्ये पुन्हा सुरू झाला तेव्हा म्यूलकडे आला, आणि म्यूलच्या हाती सेल्मर होता. त्या संस्थेच्या प्रतिष्ठेमुळे म्यूलची शैली व सेल्मरचा नाद हाच अभिजात सॅक्सोफोनचा दंडक ठरला.

राशेरच्या आग्रहात एक प्रकारचा धर्मभोळेपणा होता, हे नाकारता येत नाही. मूळ एकस्वाला वेदवाक्य मानून पुढील शतकाची कारागिरी अपभ्रंश ठरविणे ऐतिहासिक दृष्ट्या टिकणारे नाही. साक्सच्या मूळ वाद्याचा पल्ला आजच्यापेक्षा तोकडा होता आणि वरच्या सप्तकासाठी अंगठ्याला दोन निरनिराळ्या चाव्या सांभाळाव्या लागत. तरीही ग्लाझुनोवच्या कन्चेर्तोत तंतुवाद्यांच्या मेळात मिसळून जाणारा सॅक्सोफोन अभिप्रेत आहे आणि तीक्ष्ण माउथपीसच्या आजच्या वादनात तो त्या मेळावर स्वार होतो, एवढे राशेरचे ध्वनिमुद्रण ऐकल्यावर मान्य करावेच लागते. त्याचे तत्त्वज्ञान एकवेळ बाजूला ठेवता येईल. त्याने ऐकविलेला नाद बाजूला ठेवता येत नाही.

वादक आणि वाद्य

स्टॅन गेट्झ आणि मायकेल ब्रेकर या दोन टेनॉरवादकांनी मार्क सिक्स वाजविला. एकाचा नाद श्वासासारखा हलका, दुसऱ्याचा धारदार व टोकदार. माउथपीस भिन्न, ओठांची ठेवण भिन्न, काळ भिन्न. ‘मार्क सिक्सचा नाद’ म्हणून जे वर्णन केले जाते ते या दोघांपैकी नेमके कोणास लागू करावे? डेक्स्टर गॉर्डन आरंभी कॉनचा ‘टेन एम’ वाजवी, पुढे तो सेल्मरकडे वळला. दोन्ही काळांतील ध्वनिमुद्रणे शेजारी ठेवली तर काही फरक जरूर जाणवतो. परंतु दोन्हीकडे गॉर्डन पहिल्या दोन स्वरांत ओळखू येतो.

याला शास्त्रीय आधारही आहे. ऑस्ट्रेलियातील चेन, स्मिथ आणि वुल्फ या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले, की अनुभवी सॅक्सोफोनवादक अतितार स्वर काढताना आपल्या मुख-कंठाच्या पोकळीचा अनुनाद त्या स्वराशी जुळवून घेतात. नवशिक्यांना हे साधत नाही. म्हणजे नादनिर्मितीत वादकाचे शरीर हा वाद्याचाच एक घटक ठरतो. असे असता वाद्य बदलल्यावर नाद ‘बदलला’ असे वादकास वाटणे आणि श्रोत्यास तो न जाणवणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. वजन, चाव्यांचा प्रतिसाद, बोटांखाली जाणवणारी थरथर यांवरून वादक आपले फुंकणे नकळत बदलतो. जुन्या वाद्यावर प्रेम करणाऱ्यांचा अनुभव खोटा नाही. त्यांनी दिलेले कारण चुकीचे आहे.

व्हायोलिनच्या क्षेत्रातील दाखला येथे उद्बोधक ठरतो. क्लॉडिया फ्रिट्झ व जोसेफ कर्टिन यांनी सहकाऱ्यांसह २०१० मध्ये इंडियानापोलिस येथे एकवीस वादकांना डोळ्यांवर काळे चष्मे लावून जुनी इटालियन व नवी व्हायोलिने वाजवायला दिली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार बहुतेकांना जुने-नवे ओळखता आले नाही आणि पसंतीत नव्या वाद्यांनी बाजी मारली. स्त्रादिव्हारीच्या बाबतीत हे घडत असेल, तर १९५४ च्या सॅक्सोफोनभोवतीचे वलय निःशंकपणे स्वीकारणे कठीण आहे. वाद्याची परीक्षा अखेर संगीतातच होते. कद्री गोपालनाथ यांनी कर्नाटक संगीतातील गमकांसाठी सॅक्सोफोनमध्ये आवश्यक ते फेरफार करून घेतले आणि १९९४ मध्ये लंडनच्या प्रॉम्स महोत्सवात ते संगीत पोहोचविले. त्यांच्या गरजेच्या कसोटीवर एल्कहार्ट आणि पॅरिस या दोहोंची वाद्ये सारखीच अपुरी होती.

एकरूपतेचे मोल

मग आधुनिक वाद्याच्या बाजूने निकाल द्यावा काय? विद्यार्थ्याच्या दृष्टीने बव्हंशी द्यावा लागेल. आजचे मध्यम किमतीचे वाद्यही स्वरांच्या अचूकतेत, चाव्यांच्या सुलभतेत आणि सुट्या भागांच्या उपलब्धतेत जुन्याहून सरस असते. जुने वाद्य घेणाऱ्यास पॅड, स्प्रिंगा, झिजलेले सांधे यांची दुरुस्ती करणारा जाणकार कारागीर जवळ असावा लागतो, आणि तो प्रत्येक शहरात नसतो. वाद्य मंडळाकडून किंवा महाविद्यालयाकडून खरेदी होत असेल, तर ‘व्हिंटेज’च्या मोहात पडणे अव्यवहार्यच होय.

परंतु प्रश्न तेवढ्यावर संपत नाही. १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने युद्धकार्यासाठी वाद्यनिर्मिती थांबविली. कॉनसारख्या कारखान्यांत विमानांची उपकरणे तयार होऊ लागली. युद्धानंतर उत्पादन सुरू झाले तरी कॉनने छिद्रांच्या वळविलेल्या कडा सोडून दिल्या आणि पुढे हे कारखाने शाळांच्या बँडसाठी स्वस्त वाद्ये बनविण्याकडे झुकले. त्या पोकळीत सेल्मर जगाचा मानदंड झाला आणि जपानी कारखान्यांनी तो मानदंड अधिक काटेकोर केला. सेल्मरने जिंकावे यात अन्याय काही नव्हता. त्याची चाव्यांची रचना खरोखरच श्रेष्ठ होती. मात्र तिच्याबरोबर सेल्मरच्या वळणाची नळी आणि सेल्मरच्या वळणाचा नादही सर्वत्र गेला. वास्तविक चाव्यांची सोय आणि नळीचा आकार या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. ब्युशरच्या शंकूवर बॅलन्स्ड ॲक्शनची यंत्रणा बसविता आली नसती, असे मानण्यास कारण नाही.

अलीकडील ‘जुन्या वळणा’च्या वाद्यांकडे पाहिले असता हा प्रश्न अधिक ठळक होतो. सेल्मरने २००० नंतरच्या काळात ‘रेफरन्स ५४’ आणि ‘रेफरन्स ३६’ ही वाद्ये आणली. त्यांच्या नावांतील आकडे मार्क सिक्स व बॅलन्स्ड ॲक्शन यांच्या जन्मवर्षांचे आहेत. तैवानच्या पी. मॉरियासारख्या उत्पादकांनी छिद्रांच्या वळविलेल्या कडा पुन्हा आणल्या. लॅकर न लावलेली, मुद्दाम काळवंडविलेली वाद्येही दुकानांत दिसतात. सेल्मर स्वतःचाच भूतकाळ आठवतो, हे स्वाभाविक आहे. इतरत्र मात्र कॉनच्या कडा आणि जुन्या पितळाचा रंग सेल्मरच्या सांगाड्यावर चढविलेला दिसतो. ज्या मोठ्या पोकळीच्या माउथपीसवर १९२० च्या दशकातील नाद उभा होता, ते या वाद्यांच्या पेटीत बहुधा नसते. त्यामुळे राशेरच्या परंपरेतील वादकास आजही सत्तर-ऐंशी वर्षे जुनी ब्युशर वाद्येच शोधीत फिरावे लागते; आणि ती वाद्ये दरवर्षी थोडी आणखी झिजत आहेत.